आधी ऊब, मग दूध!

तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी ससे आहेत? कोल्हापुरात परड्यात किंवा गच्चीवर खुराडं करून पांढरेशुभ्र ससे पाळणारी मुलं पुष्कळ. एखाद्या सकाळी बघावं तर खुराड्याच्या कोपऱ्यात मऊ केसांचा ढीग, आणि तो ढीग चक्क हलतोय! मादी व्यायलेली असते. मोजून बघावं तर सहा पिल्लं गुबगुबीत आणि सातवं मात्र सुरकुतलेलं, गार पडलेलं. मग घरात एकच प्रश्न : हे जगेल का?

सशाची मादी साधारण 31 दिवसांनी विते. विण्याआधी ती स्वतःच्या पोटाचे केस उपटून घरटं करते. पिल्लांच्या अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले, कानही बंद. मग त्यांना आई सापडते कशी? वासानं! आईच्या दुधात एक खास गंधद्रव्य असतं, ते फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी 2003 साली शोधून काढलं. त्याच्या वासावर पिल्लं काही सेकंदांत सड गाठतात.

पिल्लांना आई दिवसभर जवळ घेऊन बसत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा येते, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते. म्हणून 'आईनं पिल्लांना टाकलं' असं लगेच समजू नका. तिचं दूध भलतंच कसदार! गाईच्या दुधापेक्षा त्यात सुमारे तिप्पट स्निग्धांश असतो. पण या तीन-चार मिनिटांत दांडगी भावंडं सड पकडतात आणि बारकं मागं पडतं. एकदा उपाशी राहिलं की अशक्त होतं, आणि अशक्त झालं की पुन्हा मागं पडतं.

पोट बघा

रोज एकदा हात धुऊन पिल्लं तपासा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असं सांगतात. पण माणसाळलेली मादी सहसा तसं करत नाही. पोट गोल, टम्म दिसलं तर पिल्लू प्यायलंय. पोट आत गेलेलं आणि कातडी सुरकुतलेली असेल तर ते उपाशी आहे.

कधीकधी सडाला चिकटलेलं पिल्लू आईबरोबर घरट्याबाहेर येऊन पडतं. मांजर आपलं पिल्लू तोंडात धरून परत आणते. सशाची मादी आणत नाही. बाहेर पडलेलं पिल्लू तिथंच गारठतं. म्हणून घरट्याच्या खोक्याला थोडा उंच काठ हवा. आत भाताचं कोरडं पिंजर आणि वर आईचेच केस. आपल्याकडचा पाऊस आणि थंडीतली पहाट या पिल्लांना सोसत नाही.

गार पिल्लाला दूध नको

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. ते मेल्यासारखं दिसलं तरी लगेच टाकून देऊ नका. दोन्ही तळव्यांत धरा. किंवा बाटलीत गरम पाणी भरून ती जाड फडक्यात गुंडाळा आणि पिल्लू तिच्याशेजारी ठेवा. चुलीवर, उन्हात मुळीच नको. अंग उबदार होऊन ते वळवळू लागलं की मगच दूध.

दूध आईचंच उत्तम. दांडगी पिल्लं थोडा वेळ बाजूला काढा. मोठ्या माणसाला मादी हळुवार धरायला सांगा आणि बारक्याला आधी पिऊ द्या. मग बाकीच्यांना सोडा. त्याच एक-दोन दिवसांत व्यायलेली दुसरी मादी असेल आणि तिला पिल्लं कमी असतील, तर त्यात हे मिसळता येतं. त्याआधी तिच्या घरट्यातले केस याच्या अंगाला चोळा, म्हणजे वास एक होतो.

वरचं दूध हा शेवटचा उपाय. कोणतं आणि किती द्यायचं, ते गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा. पिल्लाला उताणं धरू नका, थेंबथेंब पाजा. घाई केली तर दूध फुप्फुसात जातं. पाजल्यावर ओल्या कोमट कापसानं पोटाखाली हलकेच पुसा, म्हणजे ते लघवी करतं.

दहा-बारा दिवसांनी डोळे उघडले, की अर्धी लढाई जिंकली म्हणा. एवढं करूनही काही पिल्लं जगत नाहीत. काहींचं दुखणं जन्मापासूनच असतं. त्यात ना तुमची चूक, ना आईची.

शेतातला ससा वेगळा

आता एक सावधगिरी. ऊसतोडीच्या किंवा भांगलणीच्या वेळी रानसशाचं पिल्लू दिसतं. त्याचे डोळे जन्मतःच उघडे असतात, अंगावर केसही असतात. आई ते मुद्दाम एकटं ठेवते आणि अंधार पडला की पाजायला येते. ते पोरकं नसतं! बुट्टीत घालून घरी आणलं तर मात्र खरंच पोरकं होतं. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानससा पकडायला आणि पाळायला बंदी आहे. ऊस तोडायचाच असेल तर पिल्लू जवळच्याच बांधावर, आडोशाला ठेवा आणि लांब व्हा. जखमी असेल तर वनविभागाला कळवा.

म्हणजे बघा, म्हणायला दोन्ही ससेच, पण माया करायची रीत वेगळी. घरच्या अशक्त पिल्लाला तुमचा हात हवा, आणि रानातल्या पिल्लापासून तो लांब हवा. कुठं काय करायचं, हे आता तुम्हाला ठाऊक झालं. उद्या वर्गात मित्रांनाही सांगा बरं का!