मनाचा उपवास : ताओविचार आणि आपला रोजचा दिवस



ताओ हा शब्द आपल्या कानांना परका आहे. त्यामुळे तो ऐकला की आपल्यापुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक, धुक्याने भरलेल्या डोंगरावर बसलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा. दुसरे, ‘काहीच करू नका, सारे आपोआप होईल’ असे सांगणारे एक सोयीस्कर तत्त्वज्ञान. पहिले चित्र खरे मानले, तर हा विचार संसारी माणसाच्या उपयोगाचा नाही. दुसरे खरे मानले, तर तो आळशी माणसाच्या फारच उपयोगाचा आहे! मला आज असे दाखवायचे आहे की, ही दोन्ही चित्रे अपुरी आहेत. ताओविचारातील सर्वांत उपयुक्त अशा दोन कल्पना, आणि त्यांतून पुढे वाढलेली ध्यानाची पद्धती, या कामात बुडालेल्या माणसासाठीच आहेत.

प्रथम थोडी ओळख करून घेऊ. या विचाराचे दोन आधारग्रंथ. पहिला ‘ताओ ते चिंग’. त्याची प्रकरणे ८१ आणि अक्षरे सुमारे पाच हजार. म्हणजे आकाराने पुस्तिकाच. परंपरा त्याचा कर्ता लाओत्से मानते. इ. स. पूर्व १०० च्या सुमारास सिमा छ्यान या इतिहासकाराने लिहून ठेवलेली कथा अशी की, लाओत्से हा चौ राजांच्या दप्तरखान्याचा रखवालदार होता. राज्याला उतरती कळा लागलेली पाहून तो निघून गेला आणि सीमेवरच्या नाकेदाराने आग्रह केला म्हणून जाता जाता हा ग्रंथ लिहून देऊन गेला. आजचे अभ्यासक हा ग्रंथ एका हातचा मानत नाहीत. १९७३ साली मावांगत्वी येथील, इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात त्याच्या रेशमावर लिहिलेल्या प्रती सापडल्या. त्यांत ग्रंथाचा उत्तरार्ध आधी येतो आणि पूर्वार्ध नंतर. १९९३ मध्ये क्वोत्येन येथे बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले, इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराचे काही भाग मिळाले. दुसरा ग्रंथ च्वांगत्सेचा. तो इ. स. पूर्व चौथ्या शतकातला, आणि आज त्याची ३३ प्रकरणे उपलब्ध आहेत. लाओत्से सूत्रे सांगतो, तर च्वांगत्से गोष्टी सांगतो. तेव्हा तुमच्याआमच्यासारख्यांची गाठ च्वांगत्सेशीच अधिक पडते.

हा काळ शांततेचा होता असे मात्र समजू नका. चीनच्या इतिहासात त्याला ‘लढणाऱ्या राज्यांचा काळ’ असेच नाव आहे. लहानमोठी राज्ये एकमेकांना गिळत होती, आणि राजाच्या कानाशी लागून सल्ला देणे हा विद्वानांचा धंदा झाला होता. सल्ला चुकला तर पदच नव्हे, डोकेही जाई. अशा जगात, आपले मन न गमावता काम कसे करावे, या प्रश्नातून हा विचार उगवला आहे. तो फावल्या वेळचा विरंगुळा नव्हे.

आता ताओ म्हणजे काय? शब्दाचा साधा अर्थ ‘वाट’. या शब्दाच्या भाषांतराचा एक वाद आपल्या देशाशी जोडलेला आहे. कामरूपचा राजा भास्करवर्मा याला लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात हवा होता. इ. स. ६४७ मध्ये थांग सम्राटाने ते काम ह्युएनत्संगावर सोपवले. ज्याने पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवले, तोच हा प्रवासी. ताओपंथी आचार्यांचे म्हणणे पडले, ‘ताओ’ला ‘बोधि’ म्हणा. ह्युएनत्संग अडून बसला. त्याच्या मते शब्द एकच, ‘मार्ग’. ते भाषांतर आज उपलब्ध नाही, परंतु वाद मोठा बोधक आहे. बोधि ही मिळवायची वस्तू, तर मार्ग ही चालायची गोष्ट. आपल्या आजच्या विषयापुरता मी ह्युएनत्संगाच्या बाजूचा आहे.

पहिली कल्पना ‘वू-वेइ’. शब्दशः अर्थ ‘न करणे’. येथेच सारा घोटाळा होतो. च्वांगत्से ही कल्पना तिंग नावाच्या आचाऱ्याच्या गोष्टीतून समजावतो. हा आचारी राजासाठी बैल कापतो आहे. दृष्टांत आपल्याला रुचणारा नाही, हे मी जाणतो. पण महाभारतातल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवणारा धर्मव्याधही मांस विकणाराच होता, तेव्हा आपणही थोडा धीर धरू. सामान्य आचारी दर महिन्याला सुरी बदलतो, कारण तो हाडावर घाव घालतो. चांगला आचारी वर्षाने बदलतो. तिंगची सुरी एकोणीस वर्षे चालली आहे, हजारो बैल कापले आहेत, आणि धार मात्र काल लावल्यासारखी. याचे रहस्य तो सांगतो ते असे की, सांध्यांत मुळातच फट असते आणि सुरीचे पाते पातळ असते. पाते फटीतून गेले की जोर लागतच नाही. मात्र अवघड गाठ आली की तो थबकतो, डोळे तिथे रोखतो, हात मंद करतो.

या गोष्टीत ‘काहीच न करणे’ कोठे आहे? बैल तर कापला गेला! कमी झाले ते काम नव्हे, तर झटापट. वू-वेइ म्हणजे काम न करणे नव्हे. कामाच्या अंगात शिरून, वस्तूच्या स्वभावाविरुद्ध जोर न लावणे होय. गुंतलेला दोरा ओढला तर गाठ घट्ट होते आणि सैल केला तर सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. जेवायला नाही म्हणणाऱ्या मुलाशी हुज्जत घातली तर घास तोंडापासून आणखी दूर जातो. त्यालाच वाढायला लावले तर तो आपण होऊन बसतो. वर्गात आवाज वाढवणाऱ्या शिक्षकापेक्षा क्षणभर गप्प उभा राहणारा शिक्षक लवकर शांतता मिळवतो. आणखी एक लक्षात घ्या. तिंगला हे कसब यायला तीन वर्षे लागली, त्याआधी त्याला समोर नुसता अख्खा बैलच दिसत असे. म्हणजे सहजता ही आरंभी नसते, अभ्यासाच्या शेवटी येते. आळशी माणसाला येथे आसरा नाही.

कोणी म्हणेल, हा तर आपल्या गीतेतला निष्काम कर्मयोगच झाला. साम्य आहे, पण भेदही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गीता कर्त्याची दृष्टी फळावरून काढून स्वधर्माकडे आणि ईश्वरार्पणाकडे वळवते. च्वांगत्से ती फळावरून काढतो आणि समोरच्या वस्तूकडे वळवतो: लाकडाच्या रेषेकडे, पाण्याच्या ओढीकडे, माणसाच्या चेहऱ्याकडे. सावता माळी, गोरा कुंभार हे आपले संतही हातातल्या कामातूनच वर चढले. परंतु त्यांच्या कामात विठ्ठल उभा होता. तिंगच्या कामात कोणी देव उभा नाही. दोन्ही वाटा मोठ्या आहेत. त्या एकच आहेत असे म्हणण्याची घाई मात्र करू नये.

आता दुसरी कल्पना, ‘मनाचा उपवास’. येथे च्वांगत्सेने गंमत केली आहे. आपला विचार त्याने प्रतिपक्षाच्या, म्हणजे कन्फ्यूशियसच्या तोंडी घातला आहे. त्याचा लाडका शिष्य येन हुई निरोप घ्यायला येतो. वेइ राज्याचा राजा तरुण आणि क्रूर आहे, प्रजा मरते आहे, तेव्हा मी जाऊन त्याला सुधारतो, असे तो म्हणतो. गुरू म्हणतो, तू मारला जाशील. तुझ्या चांगुलपणात कीर्तीची हाव मिसळलेली आहे, आणि राजा ती ताबडतोब ओळखेल. शिष्य एकामागून एक युक्त्या सांगतो. गुरू एकेक मोडून काढतो. शेवटी गुरू सांगतो, उपवास कर. येन हुई म्हणतो, आम्ही गरीब, घरात कित्येक महिने मद्यमांस नाही. हा उपवास होत नाही का? गुरूचे उत्तर असे की, तो पूजेचा उपवास झाला, मनाचा नव्हे.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांच्या घरात जन्मली, त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी भरपेट खाऊन पोटाचा उपवास साधतो. मनही तसेच करते. देवापुढे बसते आणि शेजाऱ्याचा हिशेब मांडते. मनाचा उपवास म्हणजे मनाला त्याचे नित्याचे खाद्य, म्हणजे माझे मत, माझा मान, माझे ठरलेले उत्तर, थोडा वेळ न देणे. ऐकण्याच्या तीन पायऱ्या च्वांगत्सेने दाखवल्या आहेत. कानाने ऐकणारा नुसता आवाज ऐकतो. मनाने ऐकणारा आपल्या कल्पनेशी जुळेल तेवढेच ऐकतो. आणि जो मन रिकामे करून प्राणाने ऐकतो, त्यालाच समोरचा माणूस जसा आहे तसा भेटतो. आपण घरी-दारी बहुधा दुसऱ्या पायरीवर असतो. बायकोचे वाक्य अर्धे होते तोवर नवऱ्याचे उत्तर तयार असते, आणि सासूचे पुरे होण्याआधी सुनेचे!

हा उपवास कसा चढत जातो, ते छिंग नावाच्या सुताराच्या गोष्टीत आहे. घंटा टांगण्याची चौकट त्याने इतकी सुरेख केली की लोकांना ती भुताखेतांची करणी वाटली. काम हाती घेण्यापूर्वी तो मन निश्चल करतो. तीन दिवसांनी बक्षिसाचा विचार गळतो, पाच दिवसांनी स्तुतिनिंदेचा, सात दिवसांनी आपल्या देहाचीही आठवण राहत नाही. मग तो रानात जातो, आणि चौकट ज्या झाडात आधीच दिसते तेवढ्यालाच हात लावतो. क्रम पाहा: पैशाचा मोह आधी सुटतो, लोक काय म्हणतील हे नंतर. आपला अनुभवही हेच सांगतो.

पुढे थांगकाळात सिमा छंगचन (इ. स. ६४७ ते ७३५) या आचार्याने ‘त्सोवांग’, म्हणजे ‘बसून विसरणे’, या साधनेवर एक निबंध लिहिला आणि तिच्या सात पायऱ्या सांगितल्या: श्रद्धा, गुंते तोडणे, मन आवरणे, व्यवहार सोपे करणे, खरे पाहणे, गाढ स्थैर्य आणि ताओप्राप्ती. यांतली चौथी पायरी मला संसारी माणसासाठी फार मोलाची वाटते. ध्यानाला बसण्याची तयारी आसनावर होत नाही. ती दिवसभराच्या व्यवहारात होते. जो दहा ठिकाणी शब्द देऊन बसला आहे, त्याचे मन डोळे मिटल्यावर त्या दहा ठिकाणी धावणारच. म्हणून आज कोणते काम माझे नव्हेच, हे सकाळी एकदा ठरवणे हादेखील साधनेचाच भाग आहे. हातातला मोबाइल तासभर दुसऱ्या खोलीत ठेवणे हाही आजचा एक खरा उपवास आहे.

मग बसावे कसे? पाठ सरळ, खांदे सैल, श्वास आपल्या गतीने, आणि लक्ष हळूच नाभीखाली उतरू द्यावे. पंधरा मिनिटे पुरेत. विचार आला तर त्याच्याशी भांडू नये आणि त्याच्यामागे जाऊही नये. छंगचनने येथे एक इशारा दिला आहे. प्रत्येक विचार उठताच ठेचून मारणे आणि जाणीवच बंद पाडणे, याला तो आंधळे स्थैर्य म्हणतो. गढूळ पाणी ढवळून निवळत नाही. ते भांडे नुसते ठेवून द्यावे लागते.

दुसराही एक इशारा इतिहासच देतो. ताओपंथाच्या नावाखाली अमरत्वाची रसायने निघाली. त्यांत पारा आणि हिंगूळ असे. थांग वंशातील एकाहून अधिक सम्राट अशा रसायनांनी दगावले. ‘वाट’ सोडून ‘वस्तू’ मिळवण्याच्या मागे लागले की असे होते. ध्यान हे औषधाला पर्याय नाही आणि चमत्काराची शाळाही नाही.

आता सर्वांत अवघड शंका घेऊ. हा विचार अन्याय सोसायला तर शिकवत नाही ना? च्वांगत्सेने स्वतः मंत्रिपद नाकारले, हे खरे. त्याचीच आणखी एक गोष्ट आहे. नदी ओलांडताना रिकामी होडी येऊन आपटली, तर तापट माणूसही रागावत नाही. तीत माणूस बसलेला दिसला की मात्र तो ओरडू लागतो. मग पुष्कळ जण म्हणतात, प्रत्येक होडी रिकामी समजा म्हणजे राग येणार नाही. रस्त्यावरच्या धक्क्याबुक्क्यांपुरते हे ठीक आहे. परंतु गरिबाची जमीन हडपणारी, सुनेला छळणारी होडी रिकामी नसते. तीत वल्हवणारा बसलेला असतो, आणि त्याचे नाव घेऊन त्याला थांबवावेच लागते. शिवाय मूळ कथेचा रोख दुसऱ्याच्या होडीवर नाहीच. रिकामी करायची ती स्वतःची होडी, असे ती सांगते.

आणि येन हुईचे काय? गुरूने त्याला ‘जाऊ नकोस, डोंगरावर जाऊन बस’ असे सांगितलेले नाही. त्याने सांगितले त्याचा आशय असा की, त्या पिंजऱ्यात शीर, पण नावासाठी शिरू नकोस. तो ऐकण्याच्या मनःस्थितीत असेल तर बोल, नसेल तर थांब. म्हणजे मनाचा हा उपवास सांगितला गेला तो रणातून पळणाऱ्याला नव्हे, तर क्रूर राजाच्या दारात निघालेल्या माणसाला. रागाने भरलेला सुधारक लवकर तुटतो, हाडावर घाव घालणाऱ्या सुरीसारखा. आणि त्याच्या तुटण्याने अन्यायाचेच फावते. ज्याला एकोणीस वर्षे टिकून काम करायचे आहे, त्याने धार राखली पाहिजे.

म्हणून मी सुचवीन ते एवढेच: उद्या घरात, कचेरीत किंवा नगरपालिकेच्या सभेत ज्या माणसाशी आपले मुळीच जमत नाही, त्याचे म्हणणे एकदा, आपले उत्तर तयार न ठेवता, शेवटपर्यंत ऐकून पाहा. मग विरोध करायचाच असेल तर अवश्य करा. तो विरोध अधिक शांत असेल, आणि नेमक्या सांध्यावर बसेल.