अर्नाळा : दोन खाऱ्या पाण्यांमधील गोडें पाणी

रम्य गांव पहावयाचा तर दूर देशींच गेलें पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. भूमध्य समुद्रांतील सार्डिनिया बेटावर तेमो नदीच्या कांठीं बोसा नांवाचा एक जुना गांव आहे. टेकडीवर किल्ला, उतारावर तांबडीं, पिवळीं, निळीं घरें, नदींत कोळ्यांच्या होड्या व सभोंवार द्राक्षांचे मळे असा त्याचा थाट असून तो पहावयास देशोदेशींचे प्रवासी जातात. परंतु नदी, किल्ला, रंग व बागाईत हीं चारही एके ठिकाणीं पहावयाचीं असल्यास आमच्या वाचकांनीं विरारहून पश्चिमेची वाट धरावी. वैतरणा जेथें समुद्रास मिळते तेथें अर्नाळा वसलेला आहे व त्याच्या समोर, नदीच्या मुखाशींच, अर्नाळ्याचें बेट आहे. या भागांतील आमची फेरी शेतकरीवर्गास बोधप्रद होईल असें वाटल्यावरून तिचें सार येथें देत आहोंत.

विरारची गजबज मागें पडून आगाशी आली कीं वाड्या दिसूं लागतात. नारळीपोफळी, पानवेली, मोगरा व भाजीपाला हीं येथील जुनीं पिकें होत. आगाशीची खरी कीर्ति मात्र सुकेळ्यांची. राजेळी जातीचीं केळीं पूर्ण पिकल्यावर सोलून कांहीं दिवस उन्हांत वाळवितात व केळीच्याच सुक्या पानांत बांधून ठेवतात. मालाचा नाश टाळून त्याची किंमत वाढविण्याची ही युक्ति या गांवीं फार जुनी आहे. परंतु वाड्यांच्या जागीं इमारती उठत चालल्यानें केळीचें क्षेत्र पुष्कळच आटलें आहे.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर रंगांची नुसती लयलूट आहे. निशाणें लावलेल्या रंगीत होड्या वाळूवर ओळीनें ओढून ठेवलेल्या, आणि बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले! येथून होडीनें बेटावर जातां येतें. हें बेट 1737 सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतलें व तेथें किल्ला नव्यानें उभारला. पुढें दोनच वर्षांनीं, 1739 सालीं, वसई पडली. दरवाजावर हत्ती व वाघ कोरलेले आहेत. आंत त्र्यंबकेश्वराचें देऊळ व त्यासमोर अष्टकोनी पुष्करणी आहे. आमचें लक्ष विशेष वेधलें तें तटाच्या आंतील शेतीनें. जेथें एकेकाळीं शिबंदी रहात असे तेथें विहिरीच्या पाण्यावर भाजीपाल्याचे वाफे पिकतात.

चोहोंकडे खारें पाणी असतां विहीर गोडी कशी, असा प्रश्न सहजच मनांत येतो. याचें उत्तर असें कीं, वाळूच्या जमिनींत मुरलेलें पावसाचें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्याच्यावर तरंगत राहतें. शास्त्रज्ञांचा हिशेब असा आहे कीं, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 फूट असेल तर खालीं सुमारें 40 फूट गोडें पाणी असतें. हाच हिशेब उलटा लावून पहावा. बेसुमार उपशानें ही पातळी 1 फूट खालीं गेली कीं कालांतरानें खारें पाणी 40 फूट वर सरकतें. बैलाच्या रहाटास जें अनर्थ करणें शक्य नव्हतें, तें विजेचा पंप सहज करूं शकतो.

आपल्या पूर्वजांस हें गणित ठाऊक नसेल, परंतु व्यवहार ठाऊक होता. वसई ते अर्नाळा या पट्ट्यांत वाडीगणिक बावखल असे. हें गोड्या पाण्याचें तळें पावसाळ्यांत भरावें, त्यांतील पाणी जमिनींत मुरावें व आसपासच्या विहिरींस पुरावें, अशी ती योजना होती. आज घरें बांधण्यासाठीं कित्येक बावखलें मातीनें बुजविलीं गेलीं आहेत. धनी एकटा जागा कमावतो. पाणी मात्र सगळ्या आळीचें जातें.

नदीचा आधार घ्यावा तर तोही नाहीं. वैतरणा व तिला मिळणारी तानसा यांचें पाणी मुंबईकरितां अडविलें गेलें आहे. तानसा 1892 सालीं, मोडकसागर 1957 सालीं, ऊर्ध्व वैतरणा 1973 सालीं आणि मध्य वैतरणा 2014 सालीं, अशीं एकामागून एक धरणें झालीं. मुखाकडे तर भरतीचें खारें पाणी शिरतें. इकडे बेटाचा किनारा लाटांनीं खचत असून कोळ्यांचीं घरें धोक्यांत आहेत. अशा स्थितींत पावसाचें पाणी हेंच या भागाचें खरें भांडवल होय.

तेव्हां आमची बागाईतदारांस आग्रहाची सूचना आहे कीं, उरलेलीं बावखलें कोणत्याहि मोलानें बुजवूं देऊं नयेत. वैशाखांत त्यांतील गाळ काढून तो वाडीस घालावा. विहीर आटली म्हणून ती खोल खणण्याचा मोह टाळावा, पंप थोडा थोडा वेळ चालवावा, व वैशाखांत पाण्याची चव मचूळ लागतांच उपसा कमी करावा. ग्रामपंचायतींनीं आपापल्या हद्दींतील बावखलांची मोजणी करून तीं दप्तरीं नोंदवून ठेवावींत.

किल्ल्याचा तट ढासळला तर तो पुन्हां बांधतां येईल. पण वाळूंतील गोडें पाणी एकदां खारें झालें कीं तें पुन्हां गोडें होण्यास अनेक पावसाळे लागतात, आणि तोंपर्यंत केळीची वाडी थांबत नाहीं.