आडनावातले गाव

रोह्याचा मनुष्य रोह्यात राहतो तोपर्यंत त्याला कोणी ‘रोहेकर’ म्हणत नाही. तेथे सगळेच रोह्याचे. मग एकालाच तसे म्हणण्याचे कारण काय? तो कुंडलिका नदी ओलांडून, डोंगर उतरून दुसऱ्या गावी वस्तीला गेला, की तेथील लोक विचारतात, “हा कुठला?” उत्तर येते, “रोह्याचा.” दोन पिढ्या गेल्या की त्याचेच रोहेकर होते. अशा रीतीने ‘कर’ हा प्रत्यय लागलेले आडनाव बहुधा गाव सोडल्याची खूण असते. मनुष्य जेथून निघाला ते ठिकाण त्यात टिकून राहते. जेथे तो राहतो ते त्यात नसते.

महाराष्ट्रात अशी आडनावे असंख्य आहेत. त्यांतील काही आडनावांनी मात्र फार लांबचा प्रवास केला आहे. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर, झिराडकर, किहिमकर, अष्टमकर, वाक्रुळकर, घोसाळकर, थळकर ही नावे वाचताच अलिबाग, पेण आणि रोहे या तालुक्यांचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. आज ही आडनावे भूमध्य समुद्राकाठच्या इस्राएल देशातही ऐकू येतात. ती तेथे नेली बेने इस्राएल समाजाने. हे लोक धर्माने यहुदी, म्हणजेच ज्यू, भाषेने मराठी, आणि मूळ गाव विचाराल तर रायगड जिल्ह्यातले. या जिल्ह्यास 1981 पर्यंत कुलाबा म्हणत असत.

‘बेने इस्राएल’ या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘इस्राएलची मुले’ असा होतो. त्यांच्या आगमनाची कथा समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. फार प्राचीन काळी एक गलबत कोकणच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया कशाबशा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेते लाटांनी वाहून आणली, ती तेथेच पुरण्यात आली. जवळची पोथीपुस्तके समुद्राने गिळली होती. वाचलेल्यांनी गावोगाव पांगून घाण्यावर तेल गाळण्याचा धंदा धरला आणि हळूहळू कोकणची भाषा, पोशाख व रीतिरिवाज आपलेसे केले. नावेदेखील मराठी वळणाची झाली. सॅम्युएलचा सामाजी झाला, आयझॅकचा इसाजी झाला, अब्राहामचा आबाजी झाला.

तरीही काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत. शेजाऱ्यांना याचे नवल वाटे, म्हणून त्यांनी या लोकांस ‘शनिवार तेली’ असे नाव दिले. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. प्रार्थनांपैकी ‘शेमा’ ही एकच त्यांच्या ओठांवर उरली होती. पुढे कोचीनकडून डेव्हिड रहाबी नावाचे गृहस्थ आले आणि त्यांना या लोकांच्या चालीरीती ओळखीच्या वाटल्या. खात्री करण्यासाठी त्यांनी घरातील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले व रांधण्यास सांगितले, अशी कथा आहे. स्त्रियांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे उचलले व बाकीचे बाजूला सारले. यहुदी धर्मशास्त्राचा नियम नेमका हाच आहे! ग्रंथ हरवले, पण नियम स्वयंपाकघरात जिवंत राहिला.

आता आडनावांकडे पुन्हा वळू. अठराव्या शतकात मुंबई बेट वाढू लागले, तशी बेने इस्राएल कुटुंबे खाडी ओलांडून तेथे जाऊ लागली. कोणी सुतारकाम केले, कोणी कारकुनी पत्करली. कित्येक ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत शिरले. मुंबईत एकाच नावाचे चार सामाजी भेटू लागल्यावर कोणत्या गावचा सामाजी हे सांगणे भाग पडले. अशी शंभराहून अधिक आडनावे या समाजात रूढ झाली. लष्करात अधिकारी असलेले सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांतलेच एक. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते आणि सुटका झाल्यावर त्यांनी प्रार्थनामंदिर बांधण्याचा संकल्प केला, अशी हकिकत सांगतात. ते मंदिर 1796 मध्ये मुंबईत उभे राहिले. समाजातील लोक त्याला ‘मशीद’ म्हणत. तेथील ‘मशीद’ रेल्वे स्थानकाच्या नावाचा उगम त्यातच सांगितला जातो.

हाइम सॅम्युएल किहिमकर यांचे आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावावरून आले. त्यांनी 1875 मध्ये समाजातील मुलांसाठी मुंबईत शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि आपल्या समाजाचा विस्तृत इतिहास लिहिला. हे लेखन 1897 मध्ये पूर्ण झाले. पण ते पुस्तकरूपाने निघाले ते 1937 साली, लेखकाच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. अनेकांनी पुढे गावाचे नाव गाळून वडिलांचे नावच आडनाव म्हणून लावले. त्यामुळे केवळ आडनावावरून समाज ओळखू गेल्यास फसगत होते. उलट बाजूनेही तेच. नागावकर किंवा रोहेकर ही आडनावे इतर समाजांतही आढळतात. दोन पेणकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही. दोघांचे पूर्वज केव्हा तरी पेणमध्ये राहत होते, एवढेच ते आडनाव सांगते.

पेणच्या आधी हे पूर्वज कोठे होते, हा प्रश्न आडनावाला सोडवता येत नाही. बराच काळ या प्रश्नाची कोणाला निकड नव्हती. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि ती निर्माण झाली. त्या सुमारास भारतात बेने इस्राएल लोक सुमारे वीस हजार होते. पुढील काही दशकांत त्यांतील बहुतेक तिकडे गेले. परंतु तेथे गेल्यावर काही धर्मगुरूंनी शंका काढली की, इतकी शतके एकटे राहिलेले हे लोक खरोखर आपल्यातले आहेत काय? त्यांच्या विवाहांपूर्वी पूर्वजांची चौकशी होऊ लागली. ज्यांनी कोकणात शेकडो वर्षे शनिवार पाळला, त्यांनाच आता आपले यहुदीपण सिद्ध करण्यास सांगितले गेले! हा अपमान त्यांनी सोसला नाही. सभा झाल्या, जेरुसलेममध्ये धरणे धरण्यात आले. अखेर 1964 मध्ये तेथील सरकारने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले आणि धर्मगुरूंनाही आपला आदेश बदलावा लागला.

त्या वेळी दोन्ही पक्षांपाशी होत्या त्या परंपरा आणि कथा. पुढे विज्ञानाने एक नवे साधन दिले. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत आईवडिलांकडून आलेला वारसा डीएनए नावाच्या अतिसूक्ष्म धाग्यांत साठवलेला असतो. त्यातील बहुतेक भाग दर पिढीला सरमिसळ होऊन पुढे जातो. मात्र त्याचे दोन अंश सरळ रेषेत उतरतात. ‘वाय’ गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जाते, अगदी आपल्याकडील आडनावासारखे. पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए आईकडून मुलांना मिळतो आणि पुढे मुलींच्याच द्वारा चालत राहतो. त्यास आडनावाची जोड नाही, कारण लग्नानंतर स्त्रीचे आडनाव आपण बहुधा बदलतो. आडनावांच्या वह्यांत आजीच्या आईची आई सापडत नाही; डीएनएमध्ये मात्र ती असते.

2016 मध्ये शास्त्रज्ञांनी अठरा बेने इस्राएल व्यक्तींच्या डीएनएची तुलना इतर यहुदी समाजांशी आणि भारतातील लोकांशी केली. त्यांत दोन्हीकडचा वारसा भरपूर प्रमाणात आढळला. यहुदी वारसा मुख्यत्वे पुरुषांकडून व भारतीय वारसा मुख्यत्वे स्त्रियांकडून आलेला दिसला. हा संगम सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वी, म्हणजे अदमासे साडेसहाशे ते एक हजार पन्नास वर्षांपूर्वी झाला असावा, असे गणित निघाले. हा काळ संगमाचा आहे, आगमनाचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. गलबत त्याच्या किती आधी फुटले, हे या आकड्यांवरून ठरत नाही. सात जोडप्यांची कथाही त्यामुळे शब्दशः खरी ठरत नाही. पण दूरच्या यहुदी पूर्वजांचे जे नाते आजी नातवंडांना सांगत असे, ते निराधार नव्हते एवढे निश्चित.

या निष्कर्षाने आणखी एका जुन्या गोष्टीवर प्रकाश पडतो, आणि ती फारशी सुखद नाही. या समाजातही एके काळी ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद मानीत. ज्यांची आई किंवा आजी समाजाबाहेरची, त्यांना काळे म्हणत व त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. हा भेद आता मागे पडला आहे. पण तो पाळणाऱ्यांना ठाऊक नव्हते की, समाजातील मातृवंशाचा मोठा भाग याच भूमीतला होता. ज्या स्त्रियांनी माशांची पारख लेकीसुनांना शिकवली, त्यांच्याही पणज्या-खापरपणज्यांत कोकणच्या मुली होत्याच.

भारतात राहिलेले बेने इस्राएल आता थोडे आहेत. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये यहुदी समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलिबागला इस्राएल आळी अजून आहे आणि तेथील 1848 चे प्रार्थनामंदिरही आहे. इस्राएलमधील डिमोना, अश्दोद, लोद या गावांत मराठी बोलणारे वृद्ध भेटतात. तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. तेथे जन्मलेल्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही. आपले आडनाव ते हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यांपैकी काहीजण सुट्टीत आईवडिलांबरोबर महाराष्ट्रात येतात, नवगावला समुद्राकाठचे स्मारक पाहतात, आणि नंतर वाट वाकडी करून पेणला किंवा झिराडला जातात. गावाच्या पाटीजवळ उभे राहून ते एक छायाचित्र हमखास काढून घेतात.