दाखल्यापुरते पूर्वज : नागपूर परिसरातील वंशशोधाचा मागोवा

नागपूरच्या अर्वाचीन इतिहासाचा आरंभच वारसाच्या प्रश्नाने झाला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, दत्तकाचा हक्क डलहौसीने नाकारला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. राजघराण्याच्या वंशावळीला जे महत्त्व त्या वेळी आले, ते सामान्य रयतेच्या वंशावळीला पुढील शतकात निराळ्या कारणाने आले. या परिसरात पणजोबांचे नाव कुतूहलापोटी शोधणारे थोडे आणि दाखल्यापोटी शोधणारे फार, हे या काळाचा मागोवा घेताना सतत जाणवत राहते.

इंग्रजी अंमलापूर्वी घराण्याची स्मृती मुख्यतः दोन ठिकाणी राहत असे. एक भाटांच्या तोंडी आणि दुसरी तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत. त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथे गेलेल्या यजमानाकडून क्षेत्रोपाध्याय त्याच्या पूर्वजांची, भावांची आणि मुलांची नावे गावासह लिहून घेत, हीच नामावळी. तीत यात्रा परवडणाऱ्यांची घराणी आली, बाकीची आली नाहीत. पुढे छापील कुलवृत्तांत निघाले, तेही बहुतेक लिहित्या-वाचत्या जातींचे. यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण अशा ग्रंथांतून सरदार-मुत्सद्द्यांचा ठाव लागतो, त्यांच्या शेतावरच्या माणसांचा नव्हे.

त्या माणसांची नावे कागदावर आणली ती सारावसुलीने. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला आणि त्याच दशकात जमाबंदी होऊन गावचा सारा भरणाऱ्या मालगुजाराला मालकी हक्क मिळाले. या व्यवस्थेतून बंदोबस्त मिसल, म्हणजे जमाबंदीच्या वेळी तयार झालेली गावाची कागदपत्रे, आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावातील रूढी व हक्कांची नोंद, असे दप्तर उभे राहिले. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० चा. त्यानंतर १९५४-५५ च्या सुमारास झालेला ‘अधिकार अभिलेख’ आजही विदर्भातील शोधाचा भरवशाचा टप्पा मानला जातो. जुन्या नोंदीत आडनाव असेलच असे नाही. ‘अमुक वल्द तमुक, जात अमुक, साकिन अमुक’ एवढाच मजकूर असतो. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको आणि ‘साकिन’ म्हणजे राहणार. वर्ष फसली, म्हणजे महसुली कालगणनेतले, असेल, तर दक्षिणेच्या फसलीत ५९०-५९१ आणि उत्तरेच्या फसलीत ५९२-५९३ मिळवून इसवी सन काढावा लागतो. दोन्हींच्या सीमेवरच्या या प्रदेशात कोणती फसली हे आधी न ठरवल्यास पणजोबा दोन वर्षांनी लहान-मोठे होतात.

या साऱ्यांत सर्वांत जिवंत कागद म्हणजे कोतवाल बुक. गावातील जन्म-मृत्यूची वर्दी कोतवालाने ठाण्यावर द्यायची, अशी पद्धत होती. निरक्षर कोतवालाच्या तोंडून ऐकून नोंद दुसराच कोणी करी. त्यामुळे एकच नाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी आढळते. बारसे होण्याआधीच वर्दी गेलेली असल्याने जन्माच्या रकान्यात बाळाचे नाव बहुधा नसते. असते ती तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढा शेरा. मग ते मूल नेमके कोणते, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरशी ताडून ठरवायचे. आणि तिथे गुरुजींनी साऱ्या वर्गाला १ जून ही जन्मतारीख बहाल केलेली असते!

स्वातंत्र्यानंतर या नोंदींतील ‘जात’ हा एक रकाना बाकी सर्वांवर मात करून बसला. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरला. २००१ मध्ये राज्याचा जातपडताळणी कायदा अमलात आल्यापासून वंशावळ हे शपथेवर द्यायचे कागदपत्र झाले. नागपुरात याचे दोन ठळक परिणाम दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांतील मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ असे लागले. जी ओळख टाकून देण्यासाठी दीक्षा घेतली, तीच सिद्ध करण्यासाठी नातवाला आजोबांची १९५० पूर्वीची नोंद शोधावी लागली. दुसरा परिणाम विणकर वस्त्यांतला. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जमातींची यादी आहे तशीच वाचली पाहिजे, पुराव्याने तीत भर घालता येणार नाही, असा निर्णय दिला आणि ‘हलबा कोष्टी’ हे यादीतील हलबा जमातीतच मोडतात हा दावा अमान्य झाला. कोण्या लेखनिकाने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेला ‘कोष्टी’ हा शब्द तेव्हापासून कित्येक घरांच्या वाटेत उभा आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी नेमली गेली आणि नोव्हेंबरमध्ये तिचे काम राज्यभर विस्तारले. त्यानंतर तहसिलांतील गाठोडी सुटली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आणि जुन्या पानांचे स्कॅनिंग जोरात झाले. भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने उतारे घरबसल्या मिळतात. रसेल आणि हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जाती-जमातींवरचा १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतो, मात्र तो समूहाविषयी सांगतो, व्यक्तीविषयी नाही. इंग्लंड व वेल्सच्या १९२१ च्या जनगणनेच्या घरोघरच्या मूळ नोंदी जानेवारी २०२२ मध्ये खुल्या झाल्या. भारतीय माणसाला जनगणनेतून आपले घर असे सापडत नाही, त्याला जमीन, जन्म-मृत्यू आणि शाळा या तीन वाटांनीच जावे लागते. नागपूरच्या विदर्भ अभिलेखागारातील दप्तर आणि तहसिलातील अभिलेख कक्ष यांना आंतरजाल अजून पर्याय झालेले नाही.

आणि इतके करून हाती येते ती निम्मी वंशावळ. पडताळणीत नाते धरले जाते ते बापाकडचे. आजी, पणजी तिथे मोजल्या जात नाहीत, आणि जुन्या कागदात त्या ‘जौजे अमका’ म्हणून आल्या तरी त्यांचे माहेर कुठेच नसते. ती नावे घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना ठाऊक आहेत. अभिलेख कक्षात अर्ज करण्याआधी ती त्यांच्याकडून लिहून घ्यावीत.