मोतीच्या आजारात गोड गोळ्या

ठाणे असो की डोंबिवली, पोरांना सर्दी झाली की पुष्कळ घरांत साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली निघते. मग मोती किंवा मनी मलूल दिसली, तरी हात त्याच बाटलीकडे जातो. काही पशुवैद्यही होमिओपथी देतात. गोळी गोड, स्वस्त, आणि जनावर कुरकुर न करता चाटून खातं!

पण गोळीत असतं काय? एक भाग औषधात ९९ भाग अल्कोहोल-पाणी, असं ३० वेळा पातळ केलं की ‘३०’ची पोटन्सी होते. मूळ औषधाचा कणही त्यात उरण्याची शक्यता नसते. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजनं २०१७ मध्ये बजावलं, की होमिओपथीला मान्य असा पुरावा नाही. दिलीच तर नेहमीच्या उपचारांच्या जोडीला द्यावी, त्यांच्याऐवजी नव्हे.

पिल्लू ओकू लागलं, रक्ताचे जुलाब झाले, तर पार्व्होची शंका घ्या. गोळ्या देत वाट पाहिलीत तर अंगातलं पाणी आटून दोन-तीन दिवसांत ते हातचं जाईल. त्याला सलाइनच हवं. त्यापेक्षा सहा-आठ आठवड्यांचं झालं की लशी सुरू करा.

रेबीजला तर लशीवाचून गत्यंतर नाही. कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

जनावराचं दुखणं मोठं असेल तर जवळच्या नोंदणीकृत पशुवैद्याकडे न्या. १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि जनावरांचं मोठं रुग्णालय परळला आहेच. मुकं जनावर बोलत नाही. त्याच्या वतीनं आपणच वेळेवर बोलायचं, नाही का?