आजोबांची जीप

वडीलधाऱ्यांचें स्मरण करण्याच्या रीती देशोदेशीं निरनिराळ्या असतात. कोणी तसबिरीस हार घालतो, कोणी समाधीवर फुलें वाहतो. अमेरिकेंत व इंग्लंडांत कांहीं कुटुंबांनीं मात्र एक निराळीच रीत धरली आहे. आजोबा दुसऱ्या महायुद्धांत ज्या जातीची मोटार हांकीत असत, तसलीच एखादी गंजलेली मोटार शोधावयाची, वर्षानुवर्षें खपून ती चालती करावयाची आणि तिच्यावर त्यांच्या पलटणीचीं चिन्हें रंगवावयाचीं. हा केवळ हौशी लोकांचा खेळ असावा, असें आम्हांस प्रथम वाटलें. पुढें या कामाची माहिती मिळवूं लागलों, तेव्हां आमचें मत पालटलें.

या वाहनांत पहिला मान जीपचा. १९४० सालीं अमेरिकन लष्करानें चारी चाकांस गति देणारी एक हलकी मोटार कारखानदारांकडे मागितली, आणि पहिला नमुना सादर करण्यास अवघे ४९ दिवस दिले. बँटम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें ही मुदत पाळली. पण मोठीं कंत्राटें मिळालीं तीं विलीस व फोर्ड यांस. १९४५ पर्यंत सुमारें ६,४०,००० जीपा तयार झाल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांनीं विकत घेतल्या व त्यांवर मनास येईल तो रंग चढविला.

तो रंग उतरविणें हेंच दुरुस्तीचें सर्वांत नाजूक काम होय. थरामागून थर हलक्या हातानें खरवडीत गेलें, म्हणजे कधीं कधीं सर्वांत खालच्या हिरवट रंगावर, इंजिनाच्या झांकणाच्या बाजूस, २० या आंकड्यानें आरंभ होणारा लष्करी क्रमांक दिसूं लागतो. बोल्टाच्या डोक्यावर 'एफ' अक्षर उठविलेलें असेल, तर तो फोर्डच्या कारखान्यांतला समजावा. पुढील आडव्या पोलादी पट्टीच्या एका टोकास सैन्य व डिव्हिजन आणि दुसऱ्या टोकास कंपनी व गाडीचा अनुक्रम लिहीत असत. पुष्कळ जीपांवर त्याच पट्टीस एक उभा लोखंडी खांब जोडलेला दिसतो. जर्मन सैनिक रस्त्यावर आडवी तार ताणून ठेवीत. पुढची कांच खालीं पाडून जाणाऱ्याच्या नेमकी गळ्याशीं ती यावी, हा हेतु. ती तार तोडण्यासाठीं हा खांब. आजोबांनीं जी गोष्ट घरांत कधीं काढली नाहीं, ती हा खांब सांधतांना नातवास कळते.

आजोबांची पलटण शोधून काढणें हेंही सोपें नाहीं. १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुइस येथील सरकारी दप्तरखान्यास आग लागली व १९१२ ते १९६० या काळांत सेवामुक्त झालेल्या सैनिकांचीं सुमारें शेंकडा ८० सेवापत्रकें जळालीं. मग पेटींतलीं पत्रें आणि कंपन्यांचे दैनिक अहवाल यांवरून माग काढावा लागतो. इतकें करूनही आजोबांची प्रत्यक्ष गाडी बहुधा सांपडत नाहींच. सांपडते ती तिची बहीण. तसें स्पष्ट सांगणारे लोक आम्हांस आवडतात. पुरावा नसतां नामांकित डिव्हिजनचें चिन्ह रंगविण्यापेक्षां पट्टी कोरी ठेवलेली बरी.

जीपेपेक्षांही आम्हांस अधिक आदर वाटतो तो अडीच टनी मालमोटार दुरुस्त करणाऱ्याविषयीं. १९४४ च्या ऑगस्टांत फ्रान्सांतील फौजा इतक्या वेगानें पुढें सरकल्या कीं, पेट्रोल व दारूगोळा मागेंच राहिला. आगगाडीचे रस्ते तर बाँबवर्षावानें मोडले होते. तेव्हां २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत 'रेड बॉल एक्स्प्रेस' या नांवानें मालमोटारींची अखंड रांग रात्रंदिवस धांवली. तिच्या चालकांपैकीं सुमारें तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय होते. त्या काळीं अमेरिकन लष्करांत गोऱ्यांच्या व काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत, आणि ती रीत बंद करण्याचा हुकूम निघाला तो १९४८ सालीं. पेट्रोलचे डबे वाहणाऱ्यांच्या वाट्यास पदकें व छायाचित्रें थोडींच आलीं. त्यांचें काम डोळ्यांनीं पाहावयाचें, तर ती मालमोटारच पाहिली पाहिजे.

आपल्या वाचकांस रणगाड्यांसारखीं युद्धवाहनें जवळून पाहावयाचीं असल्यास अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथें १९९४ सालीं स्थापन झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. मराठा पलटणीही त्याच महायुद्धांत इटलींत लढल्या. तेथेंच १९४४ च्या जुलैंत नाईक यशवंत घाडगे यांस वीरमरण आलें, व त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

६ जून १९४४ रोजीं दोस्तांचें सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलें. त्याच्या वर्षदिनीं अशा जुन्या मोटारी तेथें जमतात. २०२४ सालीं, ऐंशीव्या वर्षींही, जमल्या. ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप, ते हयात असलेले सैनिक आतां शंभरीच्या आसपास होते. गाडी हांकणारे कित्येक नातूही साठीकडे झुकले आहेत.