‘लाइन’ शब्दाचे कोल्हापुरी व्यवहारातील अर्थ

परभाषेतून आलेला शब्द स्वतःबरोबर आपले सारे अर्थ आणीत नाही. तो बहुधा एकदोन अर्थ घेऊन येतो आणि उरलेले येथे आल्यावर कमावतो. पुष्कळदा असे कमावलेले अर्थ त्याच्या मूळ भाषेतील बोलणाऱ्याला ओळखूही येत नाहीत. ‘लाइन’ हा इंग्रजी शब्द या प्रक्रियेचे उत्तम उदाहरण होय. कोल्हापूर शहर आणि पंचगंगेच्या खोऱ्यातील गावे एवढ्या मर्यादित प्रदेशात तो कोणकोणत्या अर्थांनी वावरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणे बहुतेक बाजारात, एस. टी. स्थानकावर आणि विद्यार्थ्यांच्या घरी कानी पडलेली आहेत.

प्रथम व्युत्पत्ती. लॅटिनमध्ये ‘लीनुम’ म्हणजे अळशी, आणि ‘लीनेआ’ म्हणजे अळशीच्या तंतूंची दोरी. ‘लिनन’ हे कापडाचे नाव त्याच कुळातले. शिंपी अस्तराला ‘लायनिंग’ म्हणतात तेही त्याच कुळातले, कारण अस्तर पूर्वी लिननचे असे. ताणलेली दोरी सरळ असते, म्हणून दोरीचा शब्द रेघेला लागला आणि रेघेवरून रांगेला. हा प्रवास मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. संस्कृत ‘सूत्र’ म्हणजे धागा. ‘सूत्रधार’ यावरून ‘सुतार’. आणि सुताराच्या दोरीवरून ‘सुतासारखा सरळ’ हा वाक्प्रचार. आमच्याकडील गवंडी भिंत चढविताना जी ‘लाइनदोरी’ ताणतो, तिच्या नावात तर धागा दोनदा आला आहे. एकदा लॅटिनमधून आणि एकदा मराठीतून. गवंड्याला अर्थात त्याचे काही नसते.

इंग्रजीत जेथे एक शब्द पुरतो तेथे मराठीत चार आहेत. पाटीवर ओढतो ती रेघ, भूमितीत काढतो ती रेषा, पुस्तकात असते ती ओळ, आणि माणसे उभी राहतात ती रांग. पंढरपुरास रांगेला ‘बारी’ म्हणतात, तो शब्द वेगळाच. अशी चोख विभागणी असताना ‘लाइन’ शिरली कशी, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे की, ती या चौघींच्या जागी आलीच नाही. पुस्तकातील ओळीला खेड्यात आजही कोणी सहसा ‘लाइन’ म्हणत नाही. रांगेच्या जागी ती काही अंशी आली, आणि मग जेथे मराठीत शब्दच नव्हता अशा नव्या वस्तूंवर पसरली.

व्याकरणाच्या दृष्टीने तिचे वर्तन मोठे शिस्तीचे आहे. रेघ, रेषा, ओळ, रांग या साऱ्या स्त्रीलिंगी. म्हणून ‘लाइन’ही स्त्रीलिंगी झाली. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही, तेव्हा हा निर्णय सर्वस्वी मराठीचा. पण पुढे एक बारकावा आहे. व्यंजनान्त उच्चाराच्या स्त्रीलिंगी नामांचे मराठीत दोन वर्ग पडतात: एकीकडे रांग-रांगा-रांगेत, तर दुसरीकडे ओळ-ओळी-ओळीत. ‘लाइन’ अर्थाने रांगेजवळची असूनही रूपे मात्र ओळीची घेते: लाइनी, लाइनीत, लाइनीला. (बोलण्यात ‘लायनीत’, ज्यामुळे लायन्स क्लबचे सभासद आणि रांगेतील माणसे यांत कानाला फरक उरत नाही.) मोटारी, सायकली, फायली हे शब्दही याच वाटेने गेले, बँका आणि नोटा मात्र दुसऱ्या वाटेने. यामागे नियम काय, हे एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधाला घ्यावे असे आहे.

आता मुख्य मुद्दा. इतके अर्थ असून घोटाळा का होत नाही? कारण अर्थ नामात राहिलेला नाही, तो क्रियापदाने वाटून घेतला आहे. लाइन ‘लागते’ ती रांग. लाइन ‘जाते’ आणि ‘येते’ ती वीज. ‘तुटते’ ती तार. ‘फुटते’ ती नळाची. उसाला पाणी पाजणारा शेतकरी “नदीवरनं लाइन आणली” म्हणतो, तेव्हा त्याने पंचगंगेपासून शेतापर्यंत नळ पुरलेला असतो. तोच “लाइन रात्रीची हाय” म्हणतो, तेव्हा त्याला रात्री शेतात जागायचे असते. एकाच शेतात, एकाच मोटारीशेजारी दोन्ही लाइनी असतात, आणि तरी ऐकणारा क्षणभरही अडखळत नाही. पूर्वी ट्रंककॉलच्या काळी लाइन ‘मिळत’ असे. आता तो प्रयोग विरळ झाला आहे. तरुणांच्या तोंडी लाइन ‘मारतात’. सभ्य ग्रंथांत त्याचा अर्थ सापडणार नाही. पण कोशकाराला ती सवलत नाही.

स्थलनामांतील ‘लाइन’ निराळी. छावणीत शिपायांच्या घरांच्या रांगांना इंग्रज ‘लाइन्स’ म्हणत. पोलीस लाइन हा शब्द त्यातूनच रूढ झाला, आणि कसबा बावड्याकडील ‘लाइन बाजार’ हे नावही याच अर्थाला धरून वाचावे असे मला वाटते. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर आगगाडी सुरू झाली, तिची वाट लिहिताना ‘लोहमार्ग’ आणि बोलताना ‘रेल्वे लाइन’.

धंद्याच्या अर्थी हा शब्द फार जिव्हाळ्याने वापरला जातो. “कुठल्या लाइनीत असता?” या प्रश्नाला शिरोलीचा माणूस “फौंड्री लाइनीत” असे उत्तर देतो. बाबूराव पेंटरांच्या या गावात, जेथे १९२९ मध्ये ‘प्रभात’ची स्थापना झाली, ‘सिनेमाची लाइन’ हा प्रयोग तर घरोघरचा. आणि नोकरी लागून स्थिर झालेला मुलगा ‘लाइनीला लागला’ असे त्याची आई सांगते. या शेवटच्या प्रयोगाचा साचा पाहावा: ‘मार्गाला लागणे’ हा जुना वाक्प्रचार तसाच ठेवून मराठीने त्यात फक्त नाम बदलले आहे.

घोटाळा होतो तो लिखित आणि बोली यांच्या सीमेवर. शासकीय परिभाषेत ‘लाइन’ला बहुधा ‘रेषा’ हा प्रतिशब्द दिला जातो: दारिद्र्यरेषा, नियंत्रण रेषा, पूररेषा. २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापुरात यांपैकी तिसरा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आला. मात्र ‘रेडलाइन’ आणि ‘ब्ल्यूलाइन’ या रूपांत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीपासून निळीपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळीपासून लालपर्यंत नियंत्रित क्षेत्र. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील जागा घेण्याच्या विचारात होते. ते म्हणाले, “सर, प्लॉट लाइनीत हाय म्हणत्यात.” मी विचारले, कोणत्या? त्यांना वाटले होते रस्त्याच्या, म्हणजे सरळ एका सुतात. नकाशा पाहिल्यावर प्लॉट निळ्या रेषेच्या आत निघाला. विकणाऱ्याचे वाक्य दोन्ही अर्थांनी खरे होते! ‘असणे’ या क्रियापदाने कोणताच अर्थ वाटून घेतलेला नाही, म्हणून ते येथे दगा देते. बयाणा दिला गेला नव्हता, हे सुदैव.

येथे भाषाशुद्धीचा प्रश्न निघणे अपरिहार्य आहे. माधव जूलियन १९२८ पासून येथील राजाराम महाविद्यालयात अध्यापक होते. १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध करणाऱ्या याच पंडिताने १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. त्यांच्या भूमिकेविषयी मतभेद असोत. शब्द घेताना विचार करावा हे म्हणणे मान्य व्हावे. परंतु विचार कोणत्या अर्थाविषयी, हे आधी ठरले पाहिजे. ‘जलवाहिनी’ हा चांगला शब्द आहे, वर्तमानपत्रांत रुळलाही आहे. तरी काळम्मावाडीचे पाणी २०२३ मध्ये शहरात आले ते लोकांच्या लेखी ‘थेट पाइपलाइन’नेच. महावितरणने लाइनमनला ‘जनमित्र’ म्हटले. नाव गोड आहे, पण त्यात तार नाही, खांब नाही, पावसात खांबावर चढणेही नाही. ‘पूररेषा’ मात्र आग्रहाने वापरावा असे माझे मत आहे, कारण तेथे संदिग्धतेची किंमत घर बांधणाऱ्याला मोजावी लागते.

कोशात या शब्दाची नोंद करावयाची तर अर्थांच्या क्रमांकांऐवजी क्रियापदांच्या क्रमाने करावी, अशी माझी सूचना आहे. तिची कसोटी म्हणून एका गावातील सेवा केंद्राबाहेर ऐकलेले वाक्य देतो. सात-बाराच्या उताऱ्यासाठी माणसे खोळंबली होती. नव्याने आलेल्या म्हाताऱ्याने कारण विचारले, तेव्हा पुढचा म्हणाला, “लाइन गेलीया, म्हणून ऑनलाइन बंद हाय, म्हणून लाइन लागलीया, आजोबा.” म्हाताऱ्याने मान डोलावली आणि तो मागे जाऊन उभा राहिला.